परसातला हौद आणि त्याचे पाणी

पावसाळा सुरू झाला की भोपाळात दोन परिचित रस्त्यात भेटले, तर एकमेकांच्या प्रकृतीआधी मोठ्या तलावाच्या प्रकृतीची विचारपूस होते. "किती झाले?" एवढेच विचारायचे, उत्तर फुटांत येते. १६६६.८० फूट ही तलावाच्या पूर्ण पातळीची संख्या येथील शाळकरी मुलांनासुद्धा पाठ असते. भदभद्याचे दरवाजे उघडल्याची बातमी आली म्हणजे एरवी पाऊस लागला की दुलई सोडीत नाहीत अशी वडीलधारी मंडळीही छत्र्या घेऊन पाण्याचा लोंढा पाहण्यास निघतात. ज्या गावास पाण्याच्या मोजदादीची अशी सवय आहे, त्याच गावात एखाद्या गृहस्थास "आपल्या परसातल्या हौदात पाणी किती?" असे विचारले, तर तो दोन्ही हात पसरून दाखवितो आणि म्हणतो, "असेल एवढे!"

हौद हा आपल्या मराठी घरांस नवीन नाही. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळांनी पुण्यात आणले आणि वाड्यावाड्यांतून, पेठापेठांतून हौद भरले. ती आठवण बरोबर घेऊन जी घराणी उत्तरेकडे सरकली, त्यांनी जाईल तेथे तुळशीवृंदावनाजवळ एक लहानसा हौद बांधला. पहिला बाजीराव १७३७ च्या डिसेंबरात निजामास भोपाळात कोंडून, पुढल्या जानेवारीत दोराहा सराईच्या तहावर त्याची सही घेऊन गेला. पण तो येथे राहिला नाही. राहिले ते कारकून, शिक्षक, वकील आणि इंजिनिअर. त्यांतील काही शिंदे-होळकरांच्या मुलखातून आले, आणि बरेचसे १ नोव्हेंबर १९५६ नंतर, राजधानी येथे आली तेव्हा नागपूर-ग्वाल्हेर-इंदूरकडून बदली झालेल्या कचेऱ्यांबरोबर आपले खटले घेऊन आले. त्या काळच्या सरकारी बंगल्यांना आणि पुढे स्वतः बांधलेल्या घरांना परस होते. त्या परसांतल्या हौदांत आज कपडे विसळीत नाहीत, गुरे पाणी पीत नाहीत. तेव्हा नातवंडांच्या हट्टाखातर कोणी सोनेरी मासे सोडतो, कोणी जरा खर्चिक हौस असेल तर जपानी कोई.

मासे विकत आणणे सोपे आहे. पुढले सगळे काम पाण्याचे असते, आणि ते दुकानात कोणी सांगत नाही.

म्हणून आरंभ मोजमापानेच करू. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल असा मध्यम हौद धरला, तर त्याचे घनफळ १८० घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे हौदात पाच हजार शंभर लिटरच्या आसपास पाणी झाले. हा आकडा हौदाच्या कडेला रंगाने लिहून ठेवावा. औषध किती, मीठ किती, मासे किती, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच आकड्यावर अवलंबून आहे. एवढ्या पाण्यात दहा-बारा सोनेरी मासे सुखाने राहतात. कोई मात्र हात-दीड हात लांब होणारा मासा आहे. त्याला दर नगास निदान हजार लिटर तरी हवे, तेव्हा या हौदात चार-पाचांवर जाऊ नये. दुकानात बोटाएवढी दिसणारी पंचवीस पिल्ले स्वस्तात मिळतात आणि मोह होतो खरा. पण ती पंचवीस बोटे दोन वर्षांत पंचवीस कोपरे होतात! रोहू-कटला तर हौदात आणूच नयेत. ते तलावाचे मासे आहेत आणि तलावातच शोभतात. खोलीही तीन फुटांहून कमी नसावी. भोपाळच्या मे महिन्यात उथळ पाणी दुपारी आंघोळीच्या पाण्याइतके तापते.

आता हौदांवर हमखास ओढवणाऱ्या संकटाची कथा ऐकावी. घरात मुंज किंवा लग्न निघते. पाहुणे यायचे असतात, आणि हौदाचे पाणी हिरवट दिसत असते. मग घरचे एखादे उत्साही काका मासे बादलीत काढून ठेवतात, हौद रिकामा करतात, गडी लावून भिंतींवरचे शेवाळ काथ्याने घासून काढतात, तळचे गोटे ब्लीचिंग पावडरीने धुतात, नळ सोडून हौद काठोकाठ भरतात आणि मासे परत सोडतात. पाणी काचेसारखे दिसते. पाहुणे वाहवा करतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी एखादा मासा मरतो, चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज एक-दोन. घरात चर्चा सुरू होते: कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी दुकानदाराने आजारी मासे दिले म्हणतो. वास्तविक दुकानदाराचा त्यात काही दोष नसतो, आणि दृष्टीचाही नसतो.

मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांवाटेच तो आपल्या शरीरातला बहुतेक अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा दिसते, म्हणून लोक तिला दोष देतात. अमोनिया दिसत नाही. मोठ्या मानाने बोलायचे, तर एक किलो खाद्यापाठीमागे तीस ग्रॅमच्या आसपास अमोनिया पाण्यात येतो. आपल्या पाच हजार लिटरच्या हौदात रोज पन्नास ग्रॅम खाद्य पडत असेल, तर रोज दीड ग्रॅम अमोनिया झाला, म्हणजे दर लिटरला ०.३ मिलिग्रॅम. आठवड्यात हा आकडा दोनावर जातो. त्यातला सगळाच भाग विषारी नसतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके ऊन, तितका विषारी भाग मोठा. पंचवीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याचा सामू, ज्यास इंग्रजी शिकलेले लोक पी. एच. म्हणतात, तो ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला अर्धा-पाऊण भाग विषारी असतो. सामू ८ झाला की पाच भाग होतात आणि ९ झाला की छत्तीस! आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीस अंशाचे पाणी आणि साडेआठ सामू ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. त्या स्थितीत पाचवा हिस्सा विषारी असतो. आणि ०.०५ मिलिग्रॅमपासूनच कल्ल्यांना इजा होऊ लागते. गणित वाचकांनीच करून पाहावे.

मग एरवी मासे जगतात कसे? ते जगतात त्याच बुळबुळीत थरामुळे, जो काकांनी काथ्याने घासून काढला. भिंतींवर, गोट्यांवर, गाळणीतल्या खड्यांवर जंतूंची एक वसाहत वाढलेली असते. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली हे जंतू वेगळे काढून दाखविले. तोपर्यंत, मलमूत्र जमिनीत मुरले की त्याचे खत होते, एवढेच जगाला माहीत होते. ते कोण करतो, हे ठाऊक नव्हते. या जंतूंची वाढ सावकाश होते. नव्या हौदात ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. तेवढ्या काळात आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, आणि नायट्राइट रक्तात शिरले की रक्त तपकिरी होऊन मासा भर प्राणवायूतही गुदमरतो. यावर आपल्या स्वयंपाकघरात उतारा आहे. हजार लिटर पाण्यास एक किलो साधे, आयोडीन न घातलेले जाडे मीठ विरघळवून घातले, तर मिठातला क्लोराइडचा अंश नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ अंदाजाने ओतू नये. कडेला आकडा लिहून ठेवण्यास सांगितले ते यासाठीच.

नव्या हौदात म्हणूनच पहिल्या महिन्यात दोन-तीनच मासे सोडावेत आणि त्यांना चिमटीने खायला घालावे. कोणाच्या जुन्या, निरोगी हौदातले चार गोटे किंवा गाळणीतली मूठभर खडी मागून आणावी, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी आणि आपल्याकडे टाकावी. विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे, हे कोणा गृहिणीस समजावून सांगण्याची गरज नाही. पुरुषांस सांगावे लागते.

गाळणीविषयी दोन शब्द. बाजारात तयार गाळण्या मिळतात, पंपासह. परंतु तत्त्व साधे आहे: पाणी आधी संथ करावे म्हणजे जड गाळ खाली बसतो, मग ते खडी, विटांचे तुकडे किंवा जाळीदार स्पंज यांतून हळूहळू न्यावे म्हणजे जंतूंना राहण्यास जागा आणि खाण्यास अमोनिया दोन्ही मिळतात. कात्रजला दोन तलाव आहेत ते याच विचाराने; वरच्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्यात यावे. आपल्या भोपाळातही ताजुल मसाजिदीच्या शेजारी शाहजहान बेगमेच्या काळातले मोतिया तलाव, सिद्दीक हसन तलाव आणि मुन्शी हुसेन तलाव असे तीन तलाव पायऱ्यांसारखे एकाखाली एक आहेत. वरचा भरला की पाणी पुढच्यात उतरावे अशी रचना. त्यांतल्या मधल्याची पुढे अतिक्रमणाने आणि भरावाने जी दशा झाली, ती पाहून हळहळ वाटते. पण तो विषय वेगळा. घरच्यासाठी प्लास्टिकची दोन पिंपे याच रीतीने वर-खाली ठेवली, तरी काम भागते. मात्र गाळणी कधीही नळाखाली धुऊ नये. हौदातलेच पाणी बादलीत घेऊन त्यात खडी हलकेच हिंदकळावी आणि तीही एका वेळी अर्धीच.

नळाखाली का नाही, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पिण्याच्या पाण्यातल्या रोगजंतूंचा नाश करण्यासाठी ते घातलेले असते आणि आपले चांगले जंतू कोणते, हे त्यास ओळखता येत नाही. माशांचे कल्लेही त्याने भाजतात. पाणी उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हात ठेवले, म्हणजे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर जुने फोटोग्राफर काळ्या खोलीत वापरीत तो हायपो घालावा. हजार लिटर नळाच्या पाण्यास दहा ते पंधरा ग्रॅम पुरतो. बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसते, परंतु ते जमिनीखालून येते तेव्हा त्यात प्राणवायू फार थोडा आणि कर्बवायू जास्त असतो. ते उंचावरून, झारीतून पडावे तसे पाडून, हवा खाऊ घालून मगच हौदात घ्यावे. काळ्या पाषाणाच्या भागातल्या बोअरिंगांचे पाणी जड असते. माशांना ते सहसा चालते, किंबहुना त्यामुळे सामूची चढउतार कमी होते.

विहिरी-बोअरिंगांचा विषय भोपाळात काढला, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या बाष्पीभवनाच्या तळ्यांत जो रासायनिक कचरा त्यापूर्वीच साठत आला होता, तो पुढे कित्येक वर्षे जमिनीत मुरत राहिला. तेथल्या वस्त्यांतले भूजल दूषित झाले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयास त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला. कारखान्यात उरलेला तीनशेसदतीस टन कचरा पिथमपुरास हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत. जमिनीत मुरलेले काही त्याबरोबर गेले नाही. त्या बाजूस राहणाऱ्यांनी हौदासाठीसुद्धा हातपंपाचे पाणी घेऊ नये. तळे कितीही लहान असले तरी त्याच्या काठावर मुले खेळतात, त्यात हात घालतात.

सिमेंटच्या नव्या हौदाचे दुखणे निराळे. ताज्या सिमेंटातून चुना सुटत राहतो आणि सामू दहाच्याही वर जातो. अमोनियाचा हिशेब वर दिलाच आहे. म्हणून नवा हौद भरावा, चार-पाच दिवसांनी रिता करावा, पुन्हा भरावा, असे तीन-चार वेळा करावे. भरलेल्या पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून कुजू देण्याची रीत आहे. ती चांगली आहे, फक्त वासाने शेजारी तक्रार करतात. शेवटी सगळे उपसून धुऊन काढावे आणि सामू साडेआठाखाली आला की मगच मासे आणावेत. सामू, अमोनिया, नायट्राइट पाहण्याचे थेंबांचे छोटे संच माशांच्या दुकानांत मिळतात. दोन थेंब टाकावेत आणि रंग ताडून पाहावा. ज्यांच्या घरी कोई आहेत, त्यांना हा खर्च जड नाही.

प्राणवायूविषयी एक मोठा गैरसमज रूढ आहे. हौदातले कारंजे संध्याकाळी पाहुणे आले की सुरू करतात आणि निजायच्या वेळी विजेची काटकसर म्हणून बंद करतात. शोभेच्या दृष्टीने ठीक. माशांच्या दृष्टीने अगदी उलटे. दिवसा ऊन असते, शेवाळ आणि वनस्पती प्राणवायू सोडीत असतात. रात्री त्या सोडीत नाहीत. उलट माशांबरोबर त्याही तो घेतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू उतरत उतरत पहाटे सर्वांत कमी होतो. त्यात ऊन पाण्यात तो मुळातच कमी मावतो: वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर बत्तीस अंशाला सव्वासातच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीवरच्या आपल्या गावी त्याहूनही किंचित कमी. एप्रिल ते जून कारंजे किंवा हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. मासे पहाटे वर येऊन तोंडाने हवा गिळताना दिसले, तर ते भुकेले आहेत असे समजून खाद्य टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत! तेथे बादलीने पाणी उपसून उंचावरून ओतीत राहावे, आणि त्या दिवशी खाद्य मुळीच घालू नये.

एरवी खाद्य किती घालावे, तर पाच मिनिटांत संपेल एवढेच. पोळीचे तुकडे, शिळा भात, फरसाण यांपैकी काहीही नको. आजी-आजोबांस हे फार कठोर वाटते, पण इलाज नाही.

पाणी हिरवे होणे हा रोग नव्हे. हिरव्या पाण्यात मासे उत्तम राहतात; फक्त ते दिसत नाहीत, म्हणून मालक कष्टी होतो. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून, ती कोठे दिसेनाशी होते यावरून पाण्याचा स्वच्छपणा मोजला. आपण दोरीला पांढरी बशी बांधावी. दीड फूट खोलीपर्यंत ती दिसत असेल, तर चिंतेचे कारण नाही. अर्ध्या फुटातच नाहीशी होत असेल, तर खाद्य जास्त होत आहे किंवा हौदावर दिवसभर ऊन पडत आहे. शेवाळ मारण्याची औषधे टाळावीत. एकदम मेलेले शेवाळ कुजताना सगळा प्राणवायू खाऊन टाकते. त्यापेक्षा अर्धा पृष्ठभाग कमळाच्या किंवा कुमुदिनीच्या पानांनी झाकला जाईल असे करावे. कडेला वाळा, कर्दळ लावावी. त्यांची मुळे नायट्रेट ओढून घेतात.

आणि दर आठवड्यास हौदातले दहावा ते सातवा हिस्सा पाणी काढून तेवढे नवे घालावे. येथे आपल्या घरांची जुनी रीत किती शहाणपणाची होती, ते ध्यानात येते. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी लावीत, तसेच हौदाचे काढलेले पाणी अळूच्या वाफ्यात सोडावे. नायट्रेटवर अळू असे माजते की आठवड्यास दोनदा फतफते आणि सणावारी वड्या करूनही पाने उरतात. हौदात मीठ घातलेले असेल तेव्हा मात्र ते पाणी झाडांना देऊ नये. उन्हाळ्यात पाणी आटते म्हणून वरून भर घालणे, म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार सगळे मागे उरतात. भाजीचा रस्सा आटवल्यावर खारट होतो, तसेच ते.

पहिल्या पावसाचे पाणी छपरावरून हौदात येऊ देऊ नये. आठ महिन्यांची धूळ आणि पारव्यांची घाण त्यात असते. हौदाचा काठ जमिनीपासून वीतभर उंच असावा, म्हणजे गुलाबाच्या वाफ्यांवर फवारलेली औषधे किंवा वाळवीसाठी टाकलेले विष वाहून आत येत नाही. श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा वनस्पती दिवसाही पुरेसा प्राणवायू देत नाहीत. कारंजे त्या दिवसांतही चालू हवे. डासांची भीती मात्र मासे असलेल्या हौदास नसते. त्यासाठी मुद्दाम गप्पी किंवा गॅम्ब्युशिया आणण्याची गरज सोनेरी मासे असताना पडत नाही. १९२८ मध्ये हिवतापाच्या निवारणासाठी आपल्या देशात आणलेला गॅम्ब्युशिया बेडकांची पिल्ले आणि देशी माशांची अंडी-पिल्लेही फस्त करतो, हे लक्षात ठेवावे.

भाद्रपद आला की एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मोठ्या तलावात मूर्ती सोडू नयेत असे पटल्यामुळे अलीकडे पुष्कळ सुजाण कुटुंबे गणपतीचे विसर्जन घरीच करतात. हेतू उत्तम, पण ते माशांच्या हौदात करू नये. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही आणि तिच्या रंगांत जड धातू असू शकतात. शाडूची मूर्ती विरघळते, परंतु ती बारीक माती कल्ल्यांत आणि गाळणीत जाऊन बसते. हळद-कुंकू, फुले, दूर्वा कुजून अमोनिया वाढतो, तो वेगळाच. निराळे घंगाळ किंवा टब घ्यावा, मूर्ती शाडूची, बिनरंगी असावी, आणि ती माती पुढे तुळशीत घालावी. निर्माल्याची जागा खताच्या खड्ड्यात.

हौद घरचा असला तरी त्याचे सांडपाणी गटारात, गटार नाल्यात आणि आपल्यापैकी पुष्कळांचा नाला शेवटी तलावात जातो. तलावांत ताल भोपाळचा, बाकीच्या तळ्या, ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. परमार राजा भोजाचे नाव घेतो. १७९४ साली दिवाण छोटे खानाने बांधलेल्या लहान तलावाचे कौतुक करतो. २००२ साली या भोज पाणथळीस रामसर यादीत स्थान मिळाले, त्याचाही आनंद मानतो. त्याआधी १९९५ पासून जपानच्या कर्जातून तलाव-सुधारणेची मोठी योजना चालली होती. आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा मोठ्या तलावातून येतो. असे असता, हौदात फार झाली म्हणून जांभळ्या फुलांची जलपर्णी कोणी पोत्यात भरून तलावाकाठी फेकतो. ती दक्षिण अमेरिकेची वनस्पती. काही आठवड्यांत दुप्पट होते आणि तिच्याखाली पाणी काळे पडते. जलपर्णी उन्हात पूर्ण वाळवावी आणि मग खतात घालावी.

माशांचे तसेच. बदली झाली, घर विकले, मुले परदेशी गेली, आता हे मासे कोण सांभाळणार? मग एखाद्या संध्याकाळी बादली घेऊन दयाळू मंडळी तलावावर जातात आणि माशांना "मोकळे" करतात. २०२३ साली मोठ्या तलावात मगरीच्या तोंडाचा एक मासा गळाला लागला. तो अॅलिगेटर गार, उत्तर अमेरिकेतला, येथे स्वतः पोहत येणे शक्यच नाही. कोणाच्या तरी टाकीतून किंवा माशांच्या पिल्लांच्या खेपेतून तो आलेला असणार. सोनेरी मासा तेवढा उग्र नाही. पण तो आणि कोई दोघेही तळचा गाळ उकरून पाणी गढूळ करतात, आणि पाळीव माशांचे रोग व परोपजीवी रानमाशांना देतात. नर्मदेचा महसीर मध्य प्रदेशाचा राज्यमासा म्हणून २०११ साली घोषित झाला. त्याला वाचवायचे आणि त्याच्या पाण्यात बाहेरचे मासे सोडायचे, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत, दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत किंवा शाळेच्या टाकीस द्यावेत. तलावात सोडणे ही दया नव्हे.

खंड्या, वंचक आणि शेजारची मांजर यांच्यापासून रक्षण करण्यास हौदावर नायलॉनची जाळी आडवी ताणली, तर पुरते. वंचक तासन्तास एका पायावर उभा राहतो आणि घरच्यांस वाटते, किती शांत पक्षी आहे!

हिवाळा येथे कडक नसला, तरी पौषात रात्रीचे तापमान दहा अंशांवर आणि केव्हा त्याखालीही उतरते. मासे मंदावतात, जंतूही मंदावतात. पाणी पंधरा अंशांखाली गेले की खाद्य अर्धे करावे आणि दहाच्या आसपास आले की बंद ठेवावे; न पचलेले खाद्य पोटात आणि न खाल्लेले तळाशी कुजते.

दिवाळीला किंवा लग्नकार्याला नागपूर-पुण्यास पंधरा दिवस जायचे असेल, तर माशांची काळजी वाटते. निरोगी, पोसलेला सोनेरी मासा किंवा कोई दोन आठवडे खाद्यावाचून सहज राहतो. हौदाच्या भिंतीवरचे शेवाळ तो खातो. त्यापेक्षा धोका असतो तो प्रेमळ शेजाऱ्यांचा, जे रोज दोन मुठी टाकून येतात. जाताना शेजाऱ्यांस वाड्याची किल्ली द्यावी, पंप चालू आहे की नाही एवढे सकाळी पाहण्यास सांगावे, वीज गेली तर दोन-चार बादल्या पाणी उंचावरून ओतण्यास सांगावे, आणि खाद्याचा डबा कुलूपबंद कपाटात ठेवून जावे.